वाचकांचे प्रश्न : लांब मेथड, गुंतागुंतीचा आकडा आणि तोडायची वेळ

या वेळच्या पत्रांचा सूर साधारण सारखा आहे. कोड तपासणाऱ्या टूलने लाल खूण दाखवली, रिव्ह्यूमध्ये कुणी बोट ठेवलं, आणि आता मेथड (प्रोग्राममधला नाव दिलेला कोडचा तुकडा) तोडायची की राहू द्यायची हे ठरत नाही. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे मेथड २० ओळींपेक्षा मोठी नको असा नियम आहे. माझी एक मेथड १४० ओळींची आहे. त्यात एका रिपोर्टचे कॉलम एकामागून एक भरले आहेत, एकही इफ नाही. टूल तिची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी १ दाखवतं. तरी तोडू का? (नाशिक)

नुसत्या लांबीसाठी तोडू नका. थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेला हा आकडा ओळी मोजतच नाही. तो मेथडमधल्या स्वतंत्र वाटा मोजतो. कोडचा आलेख काढला तर कडांच्या संख्येतून गाठींची संख्या वजा करून २ मिळवायचे. हाताने मोजायचं तर याहून सोपं आहे: १ पासून सुरुवात करा आणि प्रत्येक इफ, प्रत्येक लूप, प्रत्येक केस, प्रत्येक कॅच यासाठी १ वाढवा. आकडा ८ आला, तर सगळ्या फांद्या एकदा तरी चालून जाव्यात म्हणून जास्तीत जास्त ८ टेस्ट लागतील. तुमच्या मेथडला एक टेस्ट पुरते. तिचे सात तुकडे केलेत तर वाचणाऱ्याला सात ठिकाणी जाऊन तेच वाचावं लागेल.

लांबीची खरी किंमत वेगळीच असते. पाचव्या ओळीवर तयार झालेलं व्हेरिएबल थेट १३० व्या ओळीवर वापरलं असेल, तर मधल्या १२४ ओळींत ते कुठे बदललंय का हे दर वेळी तपासत बसावं लागतं. तुमच्या मेथडमध्ये असं एखादं व्हेरिएबल आहे का ते पाहा. नसेल, तर कॉलमची नावं आणि फील्ड यांचा एक तक्ता करून त्यावर लूप फिरवा. ओळी आपोआप कमी होतील.

२० या आकड्याला फार मान देऊ नका. चेकस्टाइलमधला मेथडच्या लांबीचा नियम मूळ सेटिंगमध्ये १५० ओळींवर तक्रार करतो, ईएसलिंटमधला ५० वर आणि रूबोकॉपमधला १० वर. ज्यांनी ही टूल्स बनवली त्यांचंच एकमत नाही.

प्रश्न : एकाच पायथन फंक्शनला फ्लेक८ हे टूल कॉम्प्लेक्सिटीचे दोन गुण देतं आणि रेडॉन चार. खरं कोणाचं? (पुणे)

दोघांचंही. तुमच्या फंक्शनमध्ये बहुधा एकच इफ आहे आणि त्यात तीन अटी 'अँड'ने जोडलेल्या आहेत. फ्लेक८ मध्ये वापरलं जाणारं मॅककेब प्लगिन आख्ख्या इफला एक धरतं, म्हणून १ अधिक १ असे २. रेडॉन प्रत्येक 'अँड' आणि 'ऑर' वेगळा मोजतं, म्हणून त्यात आणखी २ पडतात.

मॅककेब यांच्या मूळ मांडणीत जोडअटी सुट्या मोजल्या आहेत, तेव्हा त्या अर्थाने रेडॉन मुळाशी जवळचं. पण व्यवहारात टूल कोणतं याला महत्त्व कमी, ते मधेच न बदलण्याला जास्त. गेल्या वर्षीचे आकडे एकाचे आणि या वर्षीचे दुसऱ्याचे ठेवून आलेख काढला, तर त्यातून काहीच कळत नाही. मर्यादाही टूलबरोबरच ठरवा. पीएमडी आणि चेकस्टाइल १० धरतात, ईएसलिंटचा नियम २० धरतो. रेडॉन १ ते ५ ला ए, ६ ते १० ला बी, ११ ते २० ला सी अशा श्रेणी देतं आणि ४१ पासून पुढे एफ.

प्रश्न : मी पेरोलच्या सॉफ्टवेअरवर काम करते. महाराष्ट्राचा व्यवसाय कर काढणारी आमची मेथड अगदी छोटी आहे, कॉम्प्लेक्सिटी ८ येते, म्हणजे १० च्या आत. पण नवीन माणूस आला की दर वेळी तिथेच अडखळतो. मग हा आकडा नेमकं काय सांगतो? (ठाणे)

तुम्ही मेथड सोबत पाठवलीत हे फार बरं केलंत. नावं मराठीत करून ती इथे देत आहोत. नियम असा: पुरुषांना दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही, त्यावर १०,००० पर्यंत १७५ रुपये, त्याच्या वर २०० आणि फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५,००० पर्यंत कर नाही, त्यावर तेच २०० आणि फेब्रुवारीत ३००. ज्येष्ठ नागरिक वगैरेंना असलेली माफी 'सूट' या फील्डमध्ये आधीच ठरून येते.

कर = ०
जर (सूट नाही) {
  जर (स्त्री) {
    जर (पगार > २५०००) {
      जर (महिना == फेब्रुवारी) कर = ३००
      नाहीतर कर = २००
    }
  } नाहीतर {
    जर (पगार > १००००) {
      जर (महिना == फेब्रुवारी) कर = ३००
      नाहीतर कर = २००
    } नाहीतर जर (पगार > ७५००) {
      कर = १७५
    }
  }
}
परत कर

यात सात 'जर' आहेत, म्हणून सायक्लोमॅटिक ८. पण ते सातही ओळीने एकाखाली एक असते तरी ८ च आले असते. एकाच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा हे या आकड्याला दिसतच नाही. नवीन माणूस अडखळतो तो नेमका इथे. '३००' या ओळीवर पोचेपर्यंत त्याला चार अटी डोक्यात धराव्या लागतात.

यासाठी सोनारसोर्सच्या जी. अ‍ॅन कॅम्पबेल यांनी मांडलेली कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी वापरा. तिचा नियम असा: प्रत्येक इफ किंवा लूपला १, आणि तो जितका खोल असेल तितके आणखी. एल्स आणि एल्स-इफला सरळ १, खोलीचा दंड नाही. एकसारख्या 'अँड'ची सलग साखळी असेल तर सगळ्या साखळीला मिळून १. आख्ख्या स्विचला १. लवकर रिटर्न केलं तर काहीच नाही.

आता तुमची मेथड मोजू. 'सूट'ची अट १, स्त्रीची २, पंचवीस हजारांची ३, फेब्रुवारीची ४, तिच्या एल्सचा १, स्त्रीच्या अटीच्या एल्सचा १, दहा हजारांची ३, दुसऱ्या फेब्रुवारीची ४, तिच्या एल्सचा १, साडेसात हजारांच्या एल्स-इफचा १. बेरीज २१. सोनारसोर्सच्याच सोनारक्यूब या टूलमध्ये जावासाठी मूळ मर्यादा १५ आहे. म्हणजे एका मापात मेथड पास आणि दुसऱ्यात सरळ नापास. तुमच्या टीमला जो त्रास होतो तो दुसऱ्या मापाने बरोबर पकडला.

तीच मेथड अशी लिहिता येते:

व्यवसायकर:
  जर (सूट) परत ०
  जर (पगार > करमर्यादा(लिंग)) परत पूर्णदर(महिना)
  जर (पुरुष आणि पगार > ७५००) परत १७५
  परत ०

करमर्यादा:
  जर (स्त्री) परत २५०००
  परत १००००

पूर्णदर:
  जर (महिना == फेब्रुवारी) परत ३००
  परत २००

मुख्य मेथडची कॉग्निटिव्ह आता ४, दोन छोट्यांची प्रत्येकी १. एकवीसचे सहा झाले. सायक्लोमॅटिकची बेरीज मात्र, अटीतला 'आणि' सुटा मोजून, ५, २ आणि २ मिळून ९ झाली, म्हणजे आधीपेक्षा एकाने वाढली. दचकू नका. प्रत्येक नव्या मेथडला सुरुवातीचा १ लागतोच. फेब्रुवारीची दुबार अट एक झाल्यामुळे निर्णय मात्र सातावरून सहावर आले. म्हणून रिफॅक्टरिंगनंतर (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारल्यावर) फाइलची एकूण सायक्लोमॅटिक पाहून 'काम वाया गेलं' असा निष्कर्ष काढू नये.

या तोडणीचा मोठा फायदा आकड्याच्या बाहेर आहे. स्त्रियांची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून १०,००० वरून २५,००० झाली. कुणाचा फेब्रुवारी २०२३ चा पगार आज सुधारून काढायचा असेल, तर जुन्या मेथडमधला २५,००० चुकीचा ठरतो, आणि तो दुरुस्त करायला गेलं की आणखी एक 'जर' पाचव्या पातळीवर जाऊन बसतो. नव्या रचनेत करमर्यादा या एकाच मेथडला वर्षासकट महिना द्यायचा आणि तारखेप्रमाणे मर्यादा तक्त्यातून काढायची. मुख्य मेथडमध्ये फक्त त्या एका कॉलला महिना जोडावा लागतो, पूर्णदरला तर हातसुद्धा लागत नाही. मेथड कुठे तोडावी याला आमचं पहिलं उत्तर हेच असतं: जो भाग वेगळ्या कारणाने आणि वेगळ्या वेळी बदलतो, तो बाजूला काढा.

प्रश्न : पगारपत्रक काढणारी ९०० ओळींची एक मेथड माझ्या गळ्यात पडली आहे. एकही टेस्ट नाही. लिहिणारे सोडून गेले. कुठून सुरू करू? (छत्रपती संभाजीनगर)

कोडला हात लावण्याआधी आज ती काय उत्तरं देते ते पकडून ठेवा. बरोबर काय असावं हा प्रश्न आत्ता नाही, आज काय येतं एवढंच. खऱ्या डेटामधून नावं आणि बँक खाती झाकून गेल्या १२ महिन्यांचे इनपुट घ्या, मेथड चालवा, आलेलं उत्तर पैशापर्यंत फाइलमध्ये साठवा. ती फाइल म्हणजे तुमची टेस्ट. १२ महिने मुद्दाम म्हणतो. जून ते ऑगस्ट असे तीनच घेतलेत, तर फेब्रुवारीची ३०० ची फांदी कधी चालणारच नाही आणि टेस्ट हिरव्या राहून तुम्हाला फसवतील. त्यात काठावरची मूल्यं हाताने घाला: ७५००, ७५०१, १००००, १०००१, २५०००, २५००१. ही सहा, स्त्री आणि पुरुष, फेब्रुवारी आणि इतर महिना, अशा एका कराच्याच २४ टेस्ट होतात.

मेथड आतून 'आजची तारीख' विचारत असेल तर उत्तर रोज बदलेल. टेस्टच्या आधी एवढा एकच बदल करायला हरकत नाही: तारीख बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या.

मग टेस्टला दात आहेत का ते बघा. कोडमध्ये २०० चे २०१ करा, एखादं 'पेक्षा मोठा' काढून 'मोठा किंवा समान' करा. एकही टेस्ट पडली नाही, तर त्या भागावर टेस्ट नाही असं समजा आणि पुढे जाऊ नका. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे तिथेच पस्तावतात.

आता शिवण शोधा, म्हणजे मेथड जिथून सहज उसवता येईल अशी जागा. ९०० ओळींच्या मेथडमध्ये मधूनमधून 'आता पीएफ', 'आता कपाती' अशा कॉमेंट असतातच. प्रत्येक तुकड्याबद्दल दोन गोष्टी लिहून काढा: आत किती व्हेरिएबल जातात आणि बदलून किती बाहेर येतात. आत तीन-चार आणि बाहेर एक, असा तुकडा लगेच काढा. आत नऊ आणि बाहेर चार येत असतील, तर शिवण चुकली आहे. ओळी थोड्या वरखाली करून पुन्हा पाहा. तरीही जमलं नाही, तर आख्खी मेथड एका नव्या क्लासमध्ये हलवा, लोकल व्हेरिएबलची फील्ड करा आणि मग त्या क्लासच्या आत तुकडे पाडा. पॅरामीटरची लांबलचक रांग त्यामुळे टळते.

तुकडा काढताना शक्यतो कॉपी-पेस्ट करू नका. इंटेलिजेमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एम, व्हिज्युअल स्टुडिओमध्ये कंट्रोल-आर आणि मग कंट्रोल-एम. एक तुकडा, टेस्ट, कमिट. मग दुसरा.

हाताने तोडताना हमखास बिघडतं ते असं. तुकड्याच्या मधोमध रिटर्न असतो. आधी तो आख्खी मेथड संपवायचा, आता फक्त छोटी मेथड संपते आणि खालच्या ओळी सुखाने चालत राहतात. दुसरं, अटीतल्या 'अँड'च्या उजव्या बाजूला डेटाबेस बदलणारं एखादं कॉल असतं. ते आधी व्हेरिएबलमध्ये काढून ठेवलंत की डावी अट खोटी असतानाही ते चालतं. तिसरं, मोठ्या ट्राय-ब्लॉकच्या आतला तुकडा त्याच्या बाहेर गेला की एरर वेगळ्या ठिकाणी पोचते आणि ट्रान्झॅक्शन अर्धवट राहतं.

चौथी गोष्ट पेरोलमध्ये सगळ्यांत जास्त छळते, ती म्हणजे राउंडिंग. १५,००० रुपये पगारावर पीएफसाठी मालकाचा १२ टक्के वाटा १,८०० रुपये. त्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनला, म्हणजे १,२४९.५०, राउंड करून १,२५०. उरलेले ५५० पीएफला. जुनी मेथड बहुधा हीच वजाबाकी करत असते. कुणीतरी नीटनेटकेपणाच्या भरात पीएफची वेगळी मेथड काढतो आणि तिथे ३.६७ टक्के थेट काढून राउंड करतो. ते येतात ५५०.५०. जावामध्ये त्याचे ५५१ होतात आणि बेरीज १,८०१. पायथन ३ चं राउंड मात्र नेमकं अर्ध्यावर असलेल्या संख्येला जवळच्या सम संख्येकडे नेतं, म्हणून तिथे ५५० आणि १,२५० येऊन बेरीज योगायोगाने जुळते. एक रुपयाचा फरक, पण दर माणसामागे, दर महिन्याला. राउंडिंग जिथे होतं तिथेच होऊ द्या. ते हलवायचं असेल तर तो वेगळा बदल, वेगळा कमिट.

हेच बगबद्दल. तोडताना जुनी चूक सापडेल, नक्की सापडेल. ती लिहून ठेवा आणि त्या कमिटमध्ये सुधारू नका. वागणूक न बदलणारा कमिट आणि वागणूक बदलणारा कमिट एकत्र झाले की उद्या पगार चुकला तर कशामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. रिव्ह्यू करणाऱ्याला गिट डिफ चालवताना कलर-मूव्हड हा पर्याय लावायला सांगा. नुसत्या हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दिसतात आणि खरोखर बदललेल्या चटकन नजरेत भरतात.

प्रश्न : आमच्या बिल्डमध्ये कॉम्प्लेक्सिटीला १० ची मर्यादा कडक लावली. आता 'प्रोसेसभाग१', 'प्रोसेसभाग२' अशा मेथड दिसू लागल्या आहेत. आकडे उत्तम, कोड तसाच. काय करावं? आणि ३० केसच्या स्विचचं काय? (बंगळूर)

भाग१ आणि भाग२ यांच्यात पाच-सहा व्हेरिएबल ये-जा करत असतील, तर ती एकच मेथड आहे. रिव्ह्यूमध्ये एक साधी कसोटी लावा: आतलं कोड न वाचता नुसत्या नावावरून ती मेथड काय देते हे सांगता आलं पाहिजे. नाव सुचत नसेल तर तोडू नका. अपवाद नोंदवा, कारण एका ओळीत लिहा आणि पुढे चला.

मर्यादाही सगळ्या जुन्या कोडवर एकदम लावू नये. लोक घाईने आकडे पाडतात आणि नको तिथे बग घुसवतात. आहे ती स्थिती गोठवा आणि नियम नव्या किंवा बदललेल्या कोडलाच लावा. रूबोकॉप त्यासाठी जुन्या तक्रारींची टूडू फाइल आपोआप बनवून देतं, सोनारक्यूबमध्ये नव्या कोडसाठी वेगळी अट ठेवता येते. दहाचा आकडा मॅककेब यांनीच सुचवलेला, पण अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने १९९६ मध्ये काढलेल्या अहवालात १५ पर्यंतची मर्यादाही यशस्वीपणे वापरली गेल्याचं म्हटलं आहे, अर्थात अनुभवी माणसं आणि पक्की टेस्टिंग असलेल्या ठिकाणी.

स्विचचं उत्तर सोपं. एकमेकांशी संबंध नसलेल्या केसची लांब रांग हा अपवाद मॅककेब यांनी मूळ लेखातच मान्य केला होता. प्रत्येक केस एक-दोन ओळींची असेल तर राहू द्या. केसच्या आत इफ आणि लूप शिरले असतील, तर ती आतली ओझी बाहेर काढा. तोच स्विच चार फाइलींत दिसत असेल, तर मात्र तक्ता किंवा पॉलिमॉर्फिझम (प्रत्येक प्रकाराचा वेगळा क्लास) याशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : टूलने ३०० मेथड लाल दाखवल्या. वेळ आठवड्याला चार तास. कोणती आधी घेऊ? (ऑस्टिन, टेक्सस)

ज्या मेथडना कुणी हात लावत नाही त्या यादीतून आधी काढून टाका. पाच वर्षं न बदललेली आणि नीट चालणारी ४० गुणांची मेथड तुमचा वेळ खात नाही. गिट लॉगमधून गेल्या १२ महिन्यांत बदललेल्या फाइलींची नुसती नावं काढा, सॉर्ट करा, कोणती किती वेळा आली ते मोजा. वरच्या २० फाइली घ्या आणि त्यांतल्या १५ च्या वर कॉग्निटिव्ह असलेल्या मेथड शोधा. तीनशेची यादी यातून बरीच आटते. मग त्या प्रत्येकीसाठी गिट लॉगचा मोठ्या 'एल'चा पर्याय वापरा. मेथडचं नाव आणि फाइल दिली की फक्त तेवढ्याच ओळींचा इतिहास समोर येतो. त्यात बग दुरुस्तीचे कमिट किती आहेत ते वाचा. ज्या मेथडमध्ये तेच ते पुन्हा दुरुस्त झालेलं दिसेल, तिच्यापासून सुरू करा.

चार तासांत आख्खी मेथड निपटण्याचा हट्ट मात्र नको. पहिल्या आठवड्यात फक्त टेस्ट. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या अपवादांच्या अटी मेथडच्या वरच्या टोकाला आणून तिथेच रिटर्न करा. खोली एका-दोन पातळ्यांनी उतरते आणि आत काय आहे ते पहिल्यांदा नीट दिसतं. पुढे कुठे तोडायचं ते त्यानंतर ठरवा. पुढच्या फीचरसाठी याच मेथडमध्ये बदल येणार असेल, तर तोडणीचा कमिट फीचरच्या आधी टाका. फीचर आत गेल्यावर त्यासाठी वेळ काढायला कुणीच तयार नसतं.